आमचा मुका टीव्ही आणि बॉबिन

माझ्या विजय नगरच्या फ्लॅटमध्ये दोन कुत्री आहेत, एकाच आईची, एकाच वेताची. टीव्हीवर घोडा दिसला की टिंगू सोफ्यावरून उडी मारतो, पडद्याला नाक लावतो आणि घोडा चौकटीबाहेर गेला की टीव्हीच्या मागे जाऊन त्याला शोधतो. त्याची बहीण चिंगी मात्र वाघाने हरीण फाडलं तरी कूस बदलत नाही. मी त्यांच्या डॉक्टरीणबाईंना कारण विचारलं. त्या म्हणाल्या, काही कुत्री डोळ्यांनी जगतात, काही नाकाने, आणि टीव्हीला वास नसतो. शिवाय जुन्या पेटीच्या टीव्हीतलं चित्र आपल्याला सलग दिसायचं, पण कुत्र्याला ते बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकताना दिसायचं, म्हणून बरीच कुत्री तिकडे पाठ करून बसत. आताच्या पडद्यांवर त्यालाही चित्र सलग दिसतं. आणि काहींना चित्राशी काही देणंघेणं नसतं, त्यांचं सगळं लक्ष आवाजाकडे. एवढं सांगून त्यांनी चिंगीला जंताचं औषध दिलं. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या लहानपणच्या घरात हे चार शब्द जाणणारं कुणी असतं, तर एक अख्खा पावसाळा आमच्या छातीवर बसला नसता.

परदेशीपुऱ्यात आम्ही एका चाळीत राहायचो. मधे फरशीचं अंगण, तीन बाजूंना खोल्या, चौथ्या बाजूला नळ आणि कोळशाची सामायिक कोठडी. त्या कोठडीची एक भिंत आमच्या खोलीला लागून होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलच्या मागांवर उभे राहून मोठे झालेले. शेकडो माग एकदम चालतात तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात आणि उरलेलं बोटांनी सांगतात. मिल बंद पडली तोवर अण्णांचे कान गेले होते. ते मात्र हे कबूल करत नसत. समोरच्याचं तोंड दिसत असलं की त्यांना सगळं कळायचं, त्यामुळे परक्या माणसाला पत्ता लागत नसे. आई त्यांच्याशी नुसते ओठ हलवून बोलायची, आवाज न काढता, आणि मी व माझा धाकटा भाऊ विनू तेच शिकलो. बाहेरच्याला वाटायचं, काय शांत घर आहे. आमच्या घरात भांडणंसुद्धा तशीच व्हायची. आई ओठांनी अण्णांना फैलावर घ्यायची आणि पातेलं मात्र जोरात आपटायची. ते आमच्यासाठी.

मिल गेल्यावर अण्णांना कापडाच्या एका गोदामावर फाटकाची नोकरी मिळाली, ती आमच्याच चाळीत राहणाऱ्या मुनीमजींमुळे. मुनीमजी गोदामाचं सगळं बघायचे. फाटकावर बहिरा माणूस कोण ठेवील? म्हणून अण्णांचे कान हा आमच्या घरातला झाकलेला विषय होता. त्यावर बोलायचं नाही, असं आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं, इतका तो झाकलेला होता.

टीव्ही होता काळा-पांढरा, लाकडी शटरचा. अण्णांना आवाजाचा अंदाज यायचा नाही. घेतला त्या आठवड्यात त्यांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, आणि समोरच्या कौशल्या भाभी कानावर हात ठेवून दारात आल्या. अण्णा इतके ओशाळले की बटण त्यांनी उलटं फिरवून शून्यावर नेलं आणि ते तिथेच राहिलं. आम्ही चौघं मुका टीव्ही बघायचो, ओठ वाचून. बातम्या सोप्या जायच्या. दाढीमिशीवाले सगळे अवघड. गाण्यांत बाईचे ओठ हलतात तो आवाज तिचा नसतो, हे मला बरंच उशिरा कळलं. शाळेतल्या मैत्रिणी मालिकेतल्या कुणाचा आवाज काढून दाखवायच्या तेव्हा मी नुसती हसायची. हे सगळं विचित्र आहे असं आम्हाला वाटायचं नाही. घरात मोरी कुठे आहे याचा कुणी विचार करतं का? तसंच ते.

बॉबिन या घरात आला तो पिल्लू असताना, अण्णांच्या पिशवीतून. तपकिरी अंग आणि कमरेला पांढरा पट्टा, सूत गुंडाळलेल्या बॉबिनसारखा. तो दारात टीव्हीकडे पाठ करून पसरायचा. विनूने त्याची मान धरून पडद्याकडे वळवली तरी डोळे मिटून घ्यायचा. चाळीतल्या बाकीच्या घरांतले टीव्ही संध्याकाळी एकदम ओरडायला लागायचे, त्याचीही त्याला पर्वा नव्हती. ते शेजारचे होते. त्याचं काम आमचा उंबरठा, आणि त्याच्या आत परका आवाज येता कामा नये. हे शेवटचं वाक्य मी आज लिहू शकते. तेव्हा आम्ही एवढंच म्हणायचो की आमचा बॉबिन टीव्ही बघत नाही, साधू आहे.

भुट्ट्यांचे दिवस होते. देवासहून आत्या आली, अण्णांची थोरली बहीण, पिशवीभर भुट्टे घेऊन. त्याच संध्याकाळी मी अंगणाच्या बाजूला बसून ते किसत होते, आई चुलीवर किसात दूध ओतून ढवळत होती, हिंग-मोहरीचा वास घरभर होता. अण्णा फाटकावर. आत खोलीत आत्या आणि विनू टीव्हीपुढे. मालिकेत दोन भाऊ इस्टेटीवरून भांडत होते, हे मला नंतर कळलं. मी ऐकलं ते बॉबिनचं गुरगुरणं, आणि पाठोपाठ शटर आपटल्याचा आवाज. आत गेले तर बॉबिन टीव्हीवर तुटून पडला होता. दात विचकलेले, मानेचे केस उभे, तोंडाला फेस. विनूने त्याला मागून गळ्याशी धरलं आणि बॉबिनने वळून त्याच्या दंडाचा चावा घेतला. त्याने विनूला ओळखलं नव्हतं. ओळखलं तेव्हा सोडलं, आणि दोन पावलं मागे सरकून तो थरथरत उभा राहिला. आत्या पाटावर चढून ओरडत होती, “पिसाळला! अरे देवा, पिसाळला!”

हा शब्द त्या वर्षी आमच्या चाळीत कुणी हळूसुद्धा उच्चारत नव्हतं. पावसाळा लागल्यावर मागच्या गल्लीतला एक मुलगा गेला होता. कुत्रं चावल्यावर घरच्यांनी जखमेत मिरची भरून पट्टी बांधली आणि विषय संपवला. पुढे त्याला पाण्याचा पेला दाखवला की तो किंचाळायचा. ते किंचाळणं आमच्या अंगणापर्यंत यायचं. अण्णा सोडून सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

मुनीमजी काठी घेऊन पहिले आले. त्यांनी बॉबिनच्या तोंडावरच काठी घातली. तो कोळशाच्या कोठडीत शिरला आणि कुणीतरी कडी लावली. कौशल्या भाभींनी विनूचा दंड नळाखाली धरला आणि साबणाची अख्खी वडी झिजवली. आजही मला वाटतं, त्या दिवशी शहाणपणाचं एवढं एकच काम झालं. मुनीमजींनी आम्हाला विचारलं, “पहले कभी ऐसा किया था टीवी देख के?” आई म्हणाली, कधीच नाही. मी म्हणाले, “वो तो देखता ही नहीं टीवी.” विनू रडत रडत म्हणाला, आज पहिल्यांदाच बघितला. तिघांनी मिळून बॉबिनच्या विरुद्ध पक्की साक्ष दिली. कीस चुलीवर तळाशी लागून काळा झाला होता. त्याचा वास दोन दिवस गेला नाही.

सरकारी दवाखान्यात पोटातली इंजेक्शनं द्यायचे. विनू लहान, हडकुळा. त्याला दोघींनी धरायचं, एकीने पाय, एकीने खांदे. मी पाय धरायची, कारण मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. एकदा लस संपली म्हणून परत पाठवलं, तेव्हा आई खिडकीपाशी उभी राहून तिथल्या माणसाशी बोलली, आणि तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते. घरची सवय. तो माणूस म्हणाला, “अरे बाई, बोल तो सही कुछ!” मीच मग ओरडले. मग लस दुसरीकडून मागवून मिळाली. घरी आल्यावर दर थोड्या वेळाने कुणीतरी विनूला पाणी द्यायचं. आई पेला पुढे करायची आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. तो प्यायला की ती श्वास सोडायची. मग आत्या द्यायची. मग मी. शेवटी विनू चिडला. “ताई, मी काय तुळस आहे का?” कुणी हसलं नाही. आम्ही त्याला का पाजतोय हे त्याला कळलं होतं, आणि मग तो न सांगता स्वतःच उठून पाणी प्यायला लागला, आम्हाला दिसेल असं, अंगणात उभा राहून.

बॉबिन मात्र पाणी पीत नव्हता. कोठडीच्या दाराखालच्या फटीतून मी थाळी सरकवायची. तो यायचा, तोंड लावायचा आणि कुईकुई करत मागे जायचा. मुनीमजींनी ते पाहिलं. पाण्याला घाबरतो म्हणजे काय, हे आता चाळीतलं शेंबडं पोरही सांगू शकत होतं. संध्याकाळी ते अण्णांसमोर उभे राहिले. “देखो भिया, बच्चे हैं सबके यहाँ. मैं गोली मँगवा देता हूँ.” विषाची गोळी. अण्णांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग आईकडे वळून नुसत्या ओठांनी म्हणाले, “उद्या. मीच देईन. माझ्या हातून खाईल तो.” ते फक्त घरच्यांनी वाचलं. आईने परातीत बाफल्याचं, म्हणजे उकडून भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचं, पीठ काढून ठेवलं, कारण बॉबिनला तुपातला बाफला फार आवडायचा. ते मळताना ती रडली नाही. मला तिचा राग आला होता. आता येत नाही. तिला एक मुलगा होता, आणि कुत्रा हा कुत्रा होता.

दुसरा दिवस रविवार. सकाळी सगळी चाळ आंघोळ करून टीव्हीपुढे बसायची, देवादिकांच्या मालिकेसाठी. चाव्याच्या दिवसानंतर आमचा टीव्ही कुणी लावला नव्हता; आत्याने तो लावला, बटण फिरवलं आणि हात जोडून बसली. शंखाचा आवाज आमच्या खोलीत घुमला. मी जागच्या जागी दचकले. त्याच क्षणी भिंतीपलीकडे, कोठडीत, बॉबिन भुंकायला लागला. दाराला धडका.

“आत्या, आवाज कसा आला?” मी विचारलं.

“कसा म्हणजे? मी आले त्याच दिवशी नीट केला,” आत्या म्हणाली. “तुमचा टीव्ही बिघडलाय हे तुम्हाला माहीतच नव्हतं वाटतं. तुम्ही बसला होता मुक्यासारखे! मी म्हटलं, काय येडी माणसं आहेत. बटण फिरवायचंसुद्धा कळत नाही.”

मी उठले आणि बटण शून्यावर नेलं. भुंकणं थांबलं. चाळीत सगळीकडे तोच शंख वाजत होता, पण बॉबिन गप्प. मी बटण फिरवलं. तो पुन्हा दारावर. पुन्हा बंद केलं. पुन्हा गप्प. त्या दिवशीही हा आवाज आमच्या घरातून आला असणार, आणि मी तो ऐकला असणार. पण संध्याकाळी सगळ्या चाळीत तीच मालिका लागायची. एक आवाज जास्त झाला, आणि तो आमचा आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? विनू तर समोरच बसला होता, पण चाव्यानंतर त्याला आवाजाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ज्या घरात कधी कुणी मोठ्याने बोललं नाही, त्या घरात दोन परके पुरुष ओरडत होते. दिसत नव्हते, वास येत नव्हता, पण होते. बॉबिनने जे करायला हवं तेच केलं होतं.

अंगणात मुनीमजी आले होते, हातात कागदाची पुडी. अण्णा बाफला कुस्करून बसले होते, तूप घातलेला. मी मुनीमजींचा हात धरला. मोठ्या माणसाचा हात धरायची पद्धत नव्हती, पण धरला, आणि त्यांना टीव्हीपुढे आणून उभं केलं. “आप घुमाओ, मुनीमजी. खुद घुमाओ.” त्यांनी बटण फिरवलं. भिंतीपलीकडे धडका. उलटं फिरवलं. शांत. त्यांनी पुन्हा फिरवलं, आणि पुन्हा. दारात कौशल्या भाभी, त्यांच्या मागे सगळी चाळ. मुनीमजी मूर्ख नव्हते. त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याच्यापासून आम्ही इतकी वर्षं पळत होतो.

“चलो मान लिया, आवाज से भड़कता है. पर आवाज तो हर घर के टीवी में है, बेटी. तुम्हारे में क्यों नहीं थी?”

मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे बघत होती. टीव्ही बिघडला होता, एवढं म्हणायचं होतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. पण बिघडलेल्या टीव्हीपुढे माणसं वर्षानुवर्षं रोज बसत नाहीत, आणि मुनीमजींनी दुसरा प्रश्न विचारला असता. अण्णा दारात उभे होते, हाताला तूप. त्यांनी मुनीमजींचे ओठ वाचले होते.

“क्योंकि मुझे सुनाई नहीं देता,” अण्णा म्हणाले.

घराबाहेर ते नेहमी जपून, अगदी हळू बोलायचे. त्या दिवशी आवाज मिलमधला निघाला, मागांच्या वरून जाणारा. अंगणातली कबुतरं उडाली.

मग कौशल्या भाभी पदर सावरत म्हणाल्या, “मुनीमजी, आपको छोड़ के सबको पता है.”

मुनीमजींचा चेहरा पडला. फसवलं गेल्याचा राग होताच, पण सगळ्या चाळीने मिळून फसवलं याचं त्यांना जास्त लागलं असावं. ते अण्णांच्या समोर आले, तोंड नीट दिसेल असे. “तो फाटक पे हॉर्न कैसे सुनते थे, भिया?”

“ट्रक आता है तो जमीन काँपती है,” अण्णा म्हणाले. “पैर में पता चलता है.”

मुनीमजींनी पुडी खिशात घातली. त्यांनी गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला बोलावलं. तो हातमोजे घालून कोठडीत गेला, बॉबिनला दोरीने आवळून त्याचं तोंड उघडलं आणि बाहेर येऊन म्हणाला, जबडा सुजलाय, ओठ आतून फाटलाय, पाणी पिणार कसा. काठीचा मार. तरी तो म्हणाला, कोठडी उघडायची नाही, पुरते दिवस बघायचं, आणि पोराचं एकही इंजेक्शन चुकवायचं नाही. आम्ही चुकवलं नाही. कारण सापडलं म्हणजे भीती गेली असं होत नाही. आई पेले देतच राहिली, विनू अंगणात उभा राहून पीतच राहिला, आणि मी रोज सकाळी फटीतून थाळी सरकवताना डोळे मिटून घ्यायची आणि चाटण्याचा आवाज येतो का ते ऐकायची. एका सकाळी आला. मी तिथेच कोळशाच्या भुकटीत बसून राहिले.

अण्णांची फाटकाची नोकरी गेली. मुनीमजींनी त्यांना आत कापडाच्या गाठी शिवायला बसवलं, कमी पगारावर. त्यात उपकारही नव्हता आणि सूडही नव्हता. फाटकावर ऐकणारा माणूस लागतो. आत्या देवासला परत गेली ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की तिने टीव्ही दुरुस्त केला होता.

बॉबिन बाहेर आला तेव्हा नुसता सांगाडा होता. टीव्ही पुन्हा मुका, तो पुन्हा पाठ करून दारात. दिवाळी उलटून गेल्यावरची एक दुपार मला आठवते. अण्णा घरी होते, आई नळावर, विनू शाळेत. मी आतून बघत होते. अण्णा उठले, टीव्ही लावला आणि सावकाश बटण फिरवायला लागले. थोडं फिरवायचे, थांबायचे. ते पडद्याकडे बघत नव्हते. मागे दारात पडलेल्या बॉबिनकडे बघत होते. आणखी थोडं. बॉबिनचा एक कान उभा राहिला. आणखी थोडं. तो उठून बसला, गुरगुरला, मग अण्णांकडे पाहिलं आणि शेपटी आपटली. अण्णांनी बटण तिथेच सोडलं आणि पाटावर बसले.

“टीव्ही बोलायला लागला वाटतं,” ते बॉबिनला म्हणाले.